ऐतखाऊ नायक

डेव्हिड मॅकेंझी यांचा ‘स्प्रेड’ हा २००९ सालचा शृंगारिक विनोदी बोलपट. लॉस एंजेलिसमधला देखणा निकी श्रीमंत बायकांच्या जिवावर जगतो. ती भूमिका अ‍ॅश्टन कुचर यांची. फराळाच्या ताटाशेजारी मांडावा असा हा विषय नव्हे, हे मी जाणतो. पण त्यावरची परीक्षणे वाचून मी अस्वस्थ झालो. बहुतेक टीकाकारांनी नाके मुरडली. १९७५ चा ‘शाम्पू’ आणि १९८० चा ‘अमेरिकन जिगोलो’ यांच्याशी तुलना झाली आणि निकाल लागला : नायक पोकळ आहे, त्याच्याविषयी जिव्हाळा वाटत नाही.

ते बोल मलाच लागले. पहिली कादंबरी लिहिताना दोन वर्षे मी थोरल्या बहिणीच्या घरी बसून खात होतो. ताईने कधी हिशेब मागितला नाही. मीही कधी जेवलेले ताट उचलले नाही. कादंबरीतला नायक मात्र मोठा स्वाभिमानी रंगवला!

शेवटी निकी घरोघर वाणसामान पोचवू लागतो. ते पाहताना वाटले, पोकळपणा हाच तर या कथेचा विषय! टीकाकारांना तो दोष दिसला. मला आरसा दिसला.

यंदा भाऊबीजेला ताईकडे जेवून उठलो, की माझे ताट मीच उचलीन. ती हसेल. हसू दे.