पडेगावची सूर्यास्तापूर्वीची भाकरी

छत्रपती संभाजीनगरची छावणी ओलांडून वेरूळच्या वाटेला लागले की पडेगाव येते. एकेकाळचे हे खेडे आज शहराला येऊन मिळाले आहे. पुढे मिटमिटा, शरणापूर, दौलताबादचा किल्ला, खुलताबाद आणि शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळ.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी अगदी उत्तर टोकाला आहेत. साहजिकच ती बहुधा सर्वांत शेवटी पाहिली जातात. इंद्रसभेतून पाय निघत नाही, आणि डिसेंबरात सूर्य तर पावणेसहाच्या सुमारासच मावळतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या कुटुंबाला परतीच्या वाटेवर एकच चिंता असते: दिवस मावळण्यापूर्वी शुद्ध जेवण कोठे मिळेल?

रस्त्यावर भोजनालयांची वाण नाही. परंतु ‘जैन जेवण’ मागितले की बहुधा कांदा-लसूण वगळलेली पनीरची पंजाबी भाजी पुढे येते. नियम पाळला जातो. मराठवाडा मात्र ताटात उतरत नाही.

दूरच्या इंग्लंडातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. कंब्रिया परगण्यात कार्टमेल नावाचे लहानसे गाव आहे. तेथील एका जुन्या लोहारशाळेत सायमन रोगन या पाकतज्ज्ञाने २००२ साली ‘लाँक्लूम’ हे उपाहारगृह काढले. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ ऐरण. जवळच्या स्वतःच्या शेतातील भाजीपाला हा तेथील पाककलेचा पाया. २०२२ मध्ये त्यास मिशेलिन मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळाले. ही मार्गदर्शिका १९०० साली एका फ्रेंच टायर कंपनीने काढली. लोकांनी मोटारीने अधिक हिंडावे आणि टायरांचा खप वाढावा, हा त्यामागील व्यापारी हिशेब. तीन ताऱ्यांचा अर्थ एवढाच, की केवळ या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा.

मराठवाड्याच्या शेतालाही असा मान लाभला आहे. जालन्याची दगडी ज्वारी आणि बीडचे सीताफळ यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, हिंग-जिऱ्याच्या फोडणीचे पिठले, तुरीचे वरण, लसणाविना कुटलेली शेंगदाण्याची चटणी आणि वर साजूक तूप: कांदा-लसूण बाजूला ठेवला, तर हे ताट जैन आहाराला परके नाही. पथ्य एकच ध्यानात ठेवावे. पिठल्यासोबत कच्चे दही वा ताक घेतल्यास द्विदळाचा दोष लागतो.

अडचण भाकरीची आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. कणकेसारखे ते आधी मळून ठेवता येत नाही. ऐन वेळी मळावे, थापावे आणि तव्यावरून थेट पानात वाढावे लागते. दहा माणसे साडेपाचला अचानक येऊन बसली, तर पाचव्या माणसाची भाकरी होईतो सूर्य मावळतो.

यावरचा उपाय व्यापारी कुटुंबांना नवा नाही: सौदा आधी ठरवावा. सकाळी वेरूळकडे जाताना पडेगावला दहा मिनिटे थांबावे. माणसे किती, पाने कितीला मांडायची, काय वर्ज्य, भांडी व पळी वेगळी का हवी, पाणी गाळलेले का हवे, हे भोजनालयाच्या मालकास शांतपणे सांगावे. थोडी रक्कम आगाऊ द्यावी. मग लेण्यांतून चारला निघावे. पाचला पाने मांडलेली असावीत.

मालकाचा यात तोटा नाही. ठरलेले गिऱ्हाईक, ठरलेली वेळ, आणि लागणारे जिन्नस शेजारच्या बाजारातले. दर रविवारी अशी दोन-चार कुटुंबे येऊ लागली, तर तो पिठल्याची कढई आपणहून वेगळी ठेवील.

पश्चिमेला दौलताबादच्या डोंगरावर ऊन रेंगाळत असताना गरम भाकरीवर तूप विरघळते. शेवटचा घास होतो, पाणी पिऊन होते, आणि वडीलधारे माणूस घड्याळाकडे पाहून समाधानाने पच्चक्खाण घेते.