न झोपणारा संगणक



चातुर्मासात एकदा पहाटे सामायिकाला उठले, तर बैठकीच्या खोलीत उजेड. रात्री ‘स्लीप’ला लावलेला संगणक जागा होता आणि पडद्यापाशी चिलटं मरून पडलेली. सामायिकाच्या 48 मिनिटांत मन तिथंच घुटमळलं.

हे म्हणाले, “सरळ बंदच करत जा.” पण मी बीकॉमची, ताळेबंद जुळला नाही की एकेक नोंद तपासायची. नातवाला फोन लावला. त्यानं कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ टाइप करायला सांगितली: ‘पॉवरसीएफजी डिव्हाइसक्वेरी वेक आर्म्ड’. संगणकाला उठवायची मुभा कोणाकोणाला आहे, ती यादीच समोर आली: कीबोर्ड, माउस, नेटवर्क कार्ड.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, पॉवर मॅनेजमेंटखाली, आधी नेटवर्क कार्डापुढची खूण काढली. तरी पहाटे उजेड होताच. दुसऱ्या रात्री माउसची काढली. पहाटे अंधार! टेबलाच्या काचेवर ठेवलेला माउस आपोआपच हलल्यासारखा वाटत असावा. आता संगणक फक्त कीबोर्डनं उठतो.

शिवाय झोपण्यापूर्वी मॉनिटरचं बटणही बंद करते. ते तर पहिल्या दिवसापासून हाताशीच होतं. दोष माउसचा, पण आळस माझा.

मिच्छामि दुक्कडम्.