काळा नसलेला बर्फ

मराठी भाषेला बर्फाचा अनुभव फारसा नाही, हे तिच्या शब्दसंग्रहावरून लगेच कळते. ‘बर्फ’ हा शब्द फारसीतून आला, ‘हिम’ संस्कृतातून. आभाळातून भुरभुरणारा, सरबताच्या पेल्यात तरंगणारा आणि ओढ्यावर पापडीसारखा धरणारा, या तिन्हींना आपण बहुधा एकाच नावाने ओळखतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले, तर त्याची वृत्तपत्रांत बातमी होते. याउलट निसरडेपणाच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. शेवाळ, चिखल, राड, रेंदा, बुळबुळीत, गुळगुळीत, निसरडे हे सारे शब्द आपल्या तोंडात रुळलेले आहेत. हा असमतोल कोशापुरताच राहिला असता, तर त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते. पण मोटारसायकलवरून लडाखला जाणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत तो जिवाशी येऊ शकतो, असे मला वाटते.

मी नवी मुंबईतल्या करावे गावात राहतो. एका बाजूला पाम बीच मार्ग, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये सिडकोच्या आधीपासून नांदत असलेले हे आगरी-कोळ्यांचे गाव. गावातलाच एक विद्यार्थी महाविद्यालयात माझ्याकडे मराठी शिकतो. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस तो आणि त्याचे तीन मित्र मनालीहून लेहला निघाले होते. निघण्यापूर्वी त्याने इंग्रजी माहितीवरून मित्रांसाठी दोन पानी सूचना मराठीत लिहून काढल्या आणि भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे आणून दिल्या. त्यांतली तिसरी सूचना अशी होती : ‘घाटात काळ्या बर्फापासून सावध राहावे.’

व्याकरणदृष्ट्या वाक्यात काहीच वावगे नव्हते. अडचण अशी, की इंग्रजीत ज्याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात तो बर्फ काळा नसतो. तो काचेसारखा पारदर्शक, पातळ थर असतो. काळे दिसते ते त्याखालचे डांबर. दुपारच्या उन्हात वितळलेले पाणी रस्त्यावरून वाहते, रात्री ते तिथेच गोठते आणि सकाळी रस्ता नुसता ओला वाटतो. ‘काळा बर्फ’ वाचलेला मुलगा डोळ्यांत तेल घालून काळा बर्फ शोधेल आणि तो कुठेच दिसत नाही म्हणून निर्धास्तपणे वेग वाढवील. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर वाचकाला भलतीकडे नेते, हे आपण वर्गात अनेकदा सांगतो. इथे ते त्याला दरीकडे नेऊ शकत होते.

या धोक्याचे गणित साधे आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटारसायकल कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून साधारण नऊ मीटरमध्ये थांबू शकते. बर्फावर चाकाची पकड सातव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी उरते, म्हणजे त्याच वेगाला साठ मीटर तरी लागतात. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाक्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले आहे. ते चाक जाम होऊ देत नाही, पण रस्त्यात नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. म्हणून बर्फावर चालवण्याचे कौशल्य मुख्यतः काही न करण्याचे असते. पुढचा ब्रेक दाबायचा नाही, एकदम रेस द्यायची किंवा सोडायची नाही, क्लच झटक्याने सोडायचा नाही, वळणावर गाडी झुकवायची नाही. डोंगराच्या सावलीतली वळणे आणि पूल अधिक संशयाने पाहायचे, कारण सावलीत थर टिकतो आणि पुलाला खालूनही गार वारा लागतो. शंका आली तर थांबायचे. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगची खिंड टाळता येते, पण पुढे सुमारे ४,९०० मीटर उंचीचा बारालाचा ला ओलांडावाच लागतो. पहाटे रस्ता गोठलेला असतो आणि दुपारनंतर वितळलेल्या पाण्याने नाले फुगतात. शहाण्याचा वेळ या दोहोंच्या मधला.

हे सारे मी त्याच्या घरी बसून बोलत होतो. त्याची आई बाजूला कोळंबी सोलत होती. तिने बर्फाचा रस्ता कधी पाहिलेला नाही, पण खाडीच्या चिखलात निवट्या पकडायला ती लहानपणापासून जात आली आहे. ती म्हणाली, “सर, म्हंजे शेवालच की ते, निस्ता रंग नाय त्याला.” शेवाळावर कसे चालायचे, हे तिने मुलाला सांगितले : घाई करायची नाही, एकदम वळायचे नाही, तोल गेला तरी पाय झटकायचा नाही. त्याने कुठल्या कुठल्या इंग्रजी पानांवरून गोळा केलेले नियम तिच्या अंगात आधीपासून होते. बर्फाला आपल्याकडे शब्द नसेल, पण बर्फावर लागणाऱ्या सावधपणाला आहे. पहिल्या पावसात पाम बीचवर तेल, धूळ आणि पाणी यांचा बुळबुळीत थर होतो, तेव्हा तोच सावधपणा करावेकराला रोज लागतो.

त्या रात्री आम्ही नवा पारिभाषिक शब्द घडवण्याचा मोह टाळला. ‘पारदर्शी हिमस्तर’ लिहिता आले असते, पण घाटात ते कोणाला आठवणार? त्याने तिसरी सूचना खोडून दोन वाक्ये लिहिली : ‘रस्ता ओला दिसतो, पण पुढच्या गाडीच्या चाकामागे पाणी उडत नाही, म्हणजे तो गोठलेला आहे. शेवाळावर आहोत असे समजून चालवावे.’

चौथ्या दिवशी सकाळी नऊ वाजता जिस्पाहून त्याचा निरोप आला : ‘ऊन अजून रस्त्यावर आलेले नाही. थांबलो आहोत.’ इतकी निर्दोष मराठी वाक्ये मी बरेच दिवसांत वाचली नव्हती.