वजाबाकीत न सापडणारे

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे संपादन गेली काही वर्षे आम्हां दोघांकडे आहे. एक जण ठाण्याहून लोकलने येतो, दुसरी डोंबिवलीतच राहते. मराठीची एम. ए. पदवी आणि लाल शाईचे पेन, एवढीच काय ती आमची सामाईक मालमत्ता. यंदा संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने लेख आणून दिला. विषय होता, 'सी' ह्या संगणकभाषेच्या प्रमाणित गणित-लायब्ररीतून विशेष फलनांची मूल्ये कशी काढतात. लायब्ररी हा शब्द पाहून आम्हांस क्षणभर हायसे वाटले, परंतु ही लायब्ररी पुस्तकांची नव्हती. लॉगटेबलाचे पुस्तक विज्ञान शाखेतील भावंडांच्या हाती पाहिलेले, एवढाच आमचा पूर्वानुभव. तेव्हा शुद्धलेखन तपासावे, पुनरुक्ती काढावी आणि लेख छापावयास द्यावा, असे ठरले.

लेख मात्र खिळवून ठेवणारा निघाला. काही फलने अशी असतात, की त्यांची किंमत ओळखीच्या क्रियांच्या आटोपशीर सूत्रात मांडताच येत नाही. गॅमा हे त्यांतले एक. पूर्ण संख्यांसाठी ते क्रमगुणित, म्हणजे फॅक्टोरियल, देते आणि मधल्या अपूर्णांकांनाही अर्थ देते. ह्या गॅमाच्या नावाची कथा आम्हां भाषेच्या माणसांना विशेष रुचली. युनिक्सच्या जुन्या लायब्ऱ्यांत 'गॅमा' म्हटले की गॅमाचा लॉगरिदम मिळे. पुढे एका शाखेने त्याच नावाखाली खुद्द गॅमा देण्यास आरंभ केला. एकाच शब्दाचे दोन अर्थ! अखेर १९९९ च्या 'सी' प्रमाणकाने ते नावच टाळले आणि 'टीगॅमा' म्हणजे खरा गॅमा व 'एलगॅमा' म्हणजे त्याचा लॉगरिदम अशी दोन नावे पक्की केली. लॉगरिदम वेगळा ठेवण्याचे कारणही आहे. १७० चे क्रमगुणित संगणकाच्या नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या संख्येत कसेबसे मावते, १७१ चे मावत नाही. त्याचा लॉगरिदम मात्र सहज मावतो.

दुसरे फलन 'ईआरएफ', म्हणजे त्रुटिफलन. हे नाव ग्लेशर ह्या इंग्रज गणितज्ञाने १८७१ मध्ये दिले. मोजमापांतील चुका घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे विखुरलेल्या असतील, तर चूक ठरावीक मर्यादेच्या आत राहण्याची शक्यता किती, हे ह्या फलनावरून कळते. त्याच्या जोडीला 'ईआरएफसी' हे पूरक फलन आहे. चूक त्या मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ते सांगते. म्हणजे एकातून पहिले वजा केले की दुसरे मिळाले.

इथे आमचे लाल पेन चालले. जे वजाबाकीने मिळते त्याला स्वतंत्र नाव कशाला, आणि त्यावर स्वतंत्र परिच्छेद तरी कशाला? आम्ही तो परिच्छेद खोडला आणि समासात लिहिले, 'पुनरुक्ती'.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, सर, दोनच मिनिटे," म्हणाली. तिने सहा ह्या संख्येचे त्रुटिफलन विचारले. उत्तर आले, १. ते एकातून वजा करण्यास सांगितले. उत्तर, शून्य. मग तिने पूरक फलनाला तेच सहा दिले. ह्या वेळी उत्तर शून्य नव्हते. दशांशचिन्हानंतर सोळा शून्ये आणि मग २१५, अशी एक चिमुकली, पण धडधडीत संख्या पडद्यावर होती.

कारण तिने समजावून दिले. संगणक अशा संख्येचे सुमारे सोळा सार्थ अंक जवळ ठेवतो. सहाचे त्रुटिफलन एकाच्या इतके निकट असते, की तेवढ्या अंकांत ते एकच होऊन बसते. मग वजा करण्यास उरते काय? जे हरवायचे ते वजाबाकीपूर्वीच हरवलेले असते. म्हणून पूरक फलन मोठ्यातून वजा करून काढीत नाहीत. ते त्याच्या स्वतःच्या वाटेने काढावे लागते. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या १९९३ च्या गणित-लायब्ररीत ह्यासाठी संख्यारेषेचे तुकडे पाडले आहेत. प्रत्येक तुकड्यासाठी निराळी सूत्रे आहेत, आणि सहाच्या पुढे जेथे त्रुटिफलन सरळ एक सांगून मोकळे होते, तेथेही पूरक फलनाचे काम जवळजवळ अठ्ठावीसपर्यंत नेटाने चालू राहते.

अवघड वक्राच्या जागी सोपे सूत्र बसविण्याची ही युक्ती आमच्या मुलखास नवी नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचला तो ज्या आणि चाप, म्हणजे आजच्या भाषेत साइन आणि त्याचे व्यस्त, ह्यांना फाटा देऊन. त्यांच्या जागी त्याने साध्या गुणाकार-भागाकारांची सूत्रे दिली, आणि पंचांगकर्त्यांनी ती शतकानुशतके वापरली. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत आणली. सोपे करताना किती सुटते आणि सुटलेले कोठे महत्त्वाचे ठरते, हा हिशेब अशा प्रत्येक गणित्याला ठेवावा लागला असणार. आम्ही मात्र तो ठेवला नव्हता.

परिच्छेद परत घेतो, असे आम्ही तिला सांगितले. ती आभार मानून गेली. त्यानंतर लेखाची पाने पुन्हा चाळताना पहिल्या पानावर आमची नजर अडली. लेखाचा आरंभ तिने आजीच्या बोलण्याने केला होता. कल्याणजवळच्या गावातील आगरी घर. भाताचे माप करताना आजी काय म्हणते, ते तिने आजीच्याच शब्दांत लिहिले होते. आम्ही त्या दोन ओळींतला एकूण एक 'न' बदलून 'ण' केला होता आणि 'ल'च्या जागी 'ळ' बसविला होता. आजीच्या तोंडचे 'पानी' आमच्या लाल शाईत 'पाणी' झाले होते.

त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती. त्रुटिफलनासाठी ती भांडली, आजीसाठी भांडली नाही. शाळेपासून पाहत आलेल्या लाल शाईची तिला सवय झाली असावी. ही सवय लावणारे आम्हीच. वीस वर्षे ठाणे-कल्याणच्या मुलांना शिकवितो आहोत. बोलीभाषा ह्या विषयावर प्रश्नपत्रिका काढतो, चर्चासत्रांत निबंध वाचतो, आणि वही तपासताना बोली म्हणजे प्रमाण मराठीतून काही अक्षरे चुकलेली मराठी, असे धरून चालतो. प्रमाणाला पूर्ण एक मानले, की वजाबाकीचे उत्तर शून्य येणारच. त्या बोलीला तिच्या स्वतःच्या वाटेने गाठावे लागते, हे आम्हांस भाषाविज्ञानाने शिकवले होते. पटले मात्र ते एका लॅपटॉपच्या पडद्यावर.

लाल शाई खोडता येत नाही. म्हणून आजीच्या त्या दोन ओळींशेजारी, आणि खोडलेल्या परिच्छेदाशेजारीही, आम्ही निळ्या पेनाने लिहिले, 'मुळात आहे तसेच ठेवावे', आणि दोघांनी खाली सह्या केल्या.