आबाजींची बंदूक

आमच्या गावच्या घरी दसऱ्याला पाटावर विळा, कुऱ्हाड, वखराची पास आणि आबाजींची बंदूक असायची. आबाजी म्हणजे माझे आजोबा. अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत हरभऱ्याची वाट लावतात. म्हणून आबाजींना पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळाला होता. बंदूक साधी, भरमार. नळीच्या तोंडातून दारू टाकायची, वरून चिंध्यांचा बोळा, मग छर्रे. गजाने ठासायचं, निपलवर टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. त्या बंदुकीने कधी काही मारल्याचं मला आठवत नाही. आबाजी हवेत बार काढायचे आणि म्हणायचे, "आवाजच पुरे हाय."

२००९ च्या विधानसभा निवडणुकीआधी ती नेहमीप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाली. निवडणुकीत परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात, गावाला ते नवीन नव्हतं. निवडणूक संपली, पण बंदूक परत आणायच्या आत आबाजी गेले. परवाना ज्याच्या नावावर असतो तो गेला की वारसाला स्वतःच्या नावाने नवा अर्ज करावा लागतो. तो कोणाच्या नावाने करायचा यावरून बाबा आणि मोठे बाबा भांडले. अर्ज कोणीच केला नाही. बंदूक गेली आणि दोन भावांचं बोलणंही गेलं. त्यानंतर आमच्या अकोल्याच्या घरी दसऱ्याला पाटावर विळा असायचा, आणि बाबा त्याच्या शेजारी हातभर जागा मोकळी सोडायचे. का सोडता, हे मी कधी विचारलं नाही.

मी अमरावतीला राहतो. गाडगेनगरजवळ खोली, सकाळी एका क्लासमध्ये गणित शिकवणं, दुपारपासून अभ्यासिका. एमपीएससीचा तिसरा प्रयत्न. २०२५ च्या ऑगस्टमध्ये माझ्या फोनवर सगळीकडे एकच तलवार दिसत होती. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना रघूजी म्हणजे आपलेच. मी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. फोनने ते बरोबर टिपलं. आठवडाभरात मला जुन्या तलवारी, कट्यारी, आणि मग बंदुका दिसायला लागल्या.

त्यातल्या एका पानावर हुबेहूब आबाजींच्या बंदुकीसारखी बंदूक होती. खाली हिंदीत लिहिलेलं: 'अडगावच्या लढाईतली अस्सल बंदूक, १८०३, कंपनी सरकारचा सिंहाचा छाप. अँटिक असल्यामुळे लायसन्स लागत नाही. ४८ तासांत घरपोच.'

अडगाव आमच्या गावापासून लांब नाही. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथे आर्थर वेलस्लीच्या फौजेने भोसल्यांच्या सैन्याला हरवलं आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला. हे मला परीक्षेसाठी पाठ होतं. पाठ असलेलं नाव दिसलं की माणूस विश्वास टाकतो. दसरा २ ऑक्टोबरला होता. बाबांच्या त्या मोकळ्या जागेवर बंदूक ठेवायची, असं मी ठरवून टाकलं. खात्यात २६ हजार होते.

विकणारा स्वतःला फौजी म्हणवत होता, पोस्टिंग राजस्थानात. "सर जी, हम देश का आदमी है, धोखा नहीं देंगे." गणवेशातला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवलं, कॅन्टीनचं कार्डही पाठवलं. २८ हजारांची बंदूक २२ हजारांवर आली. आज कळतं की ओळखपत्र न मागता पाठवणारा माणूस संशयास्पद असतो. खऱ्या जवानाला आपलं कार्ड अनोळखी माणसाला दाखवायची गरजच काय? पण तेव्हा मला उलट शरम वाटली, की आपण एका सैनिकावर शंका घेतोय.

बुकिंगचे २,१०० पाठवले. दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्ट परमिटचे ६,५००. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, परमिट नाकारलं गेलं, तुमचे पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका. मी टाकला. ९,८५० रुपये गेले. मी मुलांना नफा-तोटा शिकवतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मी घाईत होतो आणि तो फोनवर सतत बोलत होता. त्याचं ते बोलणं थांबू न देणं, हेच त्याचं खरं काम होतं.

एकूण १८,४५०. इथे थांबलं असतं तर ही गोष्ट मी कोणाला सांगितलीही नसती. खरा धंदा याच्यापुढे सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत असताना व्हॉट्सअॅपवर कॉल आला. डीपीवर खाकी वर्दी. "इन्स्पेक्टर बोल रहा हूँ. तुम्हारे नाम का पार्सल पकडा है. आर्म्स अॅक्ट, कलम पच्चीस. घर में किसको बताया है?" मी म्हणालो, कोणाला नाही. तो म्हणाला, मत बताना. ३५ हजार दिले तर नाव कागदावर येणार नाही.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. हात थरथरत होते. नोकरी लागली तर चारित्र्य पडताळणी होणार, आणि त्यात शस्त्राचा गुन्हा. तीन वर्षं गेलेली, पुढचं आयुष्यही गेलं. तक्रार करायची तर काय सांगायचं? बंदूक मागवली होती म्हणून? लोकांना जुनी नाणी, जुनी गाडी, जुना सोफा विकण्याच्या नावाखाली लुटतात. तो माणूस रडतो, शिव्या देतो आणि ठाण्यात जातो. बंदुकीच्या गिऱ्हाइकाला ठाण्याचीच भीती असते. हे त्यांना आधीच माहीत असतं. त्यांनी मला बंदूक विकलीच नव्हती. माझी भीती त्यांनी हप्त्याहप्त्याने मलाच विकली.

दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. ३५ हजार कुठून आणायचे याचाच हिशोब. शेवटी क्लासची फी भरायची आहे असं खोटं सांगून बाबांकडून पैसे घ्यायचे ठरवलं आणि अकोल्याची बस पकडली.

बाबा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं लोकांचे चेहरे पाहून कोण बिनातिकीट बसलाय ते ओळखायचे. मी दोन घास खाल्ले नाहीत तोच म्हणाले, "काऊन रे, कायची फी आहे ही?"

मी सगळं सांगितलं. आईने पदर तोंडाला लावला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बंदूक मले पायजे होती, असं म्या कधी म्हटलं होतं काय?"

"नाही बाबा. पण जागा सोडता ना तुम्ही."

त्यावर ते उठले आणि शर्ट घातला. "चाल. आधी तो फोन लाव."

१९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक. तिथे व्यवहाराचे नंबर आणि वेळा विचारल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सायबर पोलिसांकडे गेलो. मी स्क्रीनशॉटांची फाइल पुढे केली आणि मान खाली घातली. समोरच्या साहेबांनी ती चाळली. "बंदूक आली काय तुह्याकडे?"

"नाही साहेब."

"मग गुन्हा त्याचा आहे, तुहा नाही. खरंच आली असती तर मी येगळं बोललो असतो. आन पोलीस व्हॉट्सअॅपवर पैसे मागून केस मिटवत नसते, येवढं तरी समजाले पायजे."

शेवटचे पैसे ज्या खात्यात गेले होते, त्यात ३,२०० रुपये उरले होते, ते गोठवले गेले. बाकी पुढे निघून गेले होते. साहेब म्हणाले, पैसे गेले त्याच तासात फोन केला असता तर बरेच अडवता आले असते. म्हणजे मला नेमकं किती रुपयांना लुटलं, याचं उत्तर दोन भागांत आहे. काही चोराने नेले. काही त्या दोन दिवसांच्या गप्प बसण्याने नेले.

त्यानंतर मी चिडून अभ्यास केला, यावेळी परीक्षेचा नाही. 'अँटिक, लायसन्स लागत नाही' हे वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच धोक्याचं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती जुन्या धाटणीच्या, पुराणमूल्य असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांपैकी जे दुरुस्ती करूनही चालवता येणार नाही अशालाच. २०२० मध्ये गृह मंत्रालयाने संग्रहमूल्य असलेली जुनी लहान शस्त्रं बाळगायला नागरिकांना परवान्याची गरज नाही असं केलं, पण ती वापरायला, सोबत नेायला किंवा कुठे पाठवायला परवाना लागतोच. म्हणजे कुरिअरने घरपोच येणारी बंदूक ही फसवणूक तरी असते, नाहीतर गुन्हा. तिसरा पर्याय मला सापडला नाही. परवान्याचं हत्यार एका माणसाने दुसऱ्याला विकायचं तर आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. माझा फौजी ४८ तासांत देणार होता. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली परवाना लागतो. तो मी त्याला विचारलाच नव्हता.

तलवारीचंही तसंच. २०१८ मध्ये औरंगाबादेत लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले होते. पार्सल आलं म्हणजे ते कायदेशीर झालं, असं नसतं.

मग मी तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. बंदुकीला घोडा आणि निपल होतं, म्हणजे ती टोपीची होती. १८०३ मध्ये सैन्याकडे चकमकीच्या बंदुका होत्या. टोप्या त्यानंतर वीसेक वर्षांनी प्रचारात आल्या. सिंहाचा छापही कंपनीने १८०८ पासून मारायला सुरुवात केली. तोवर तिच्या हत्यारांवर बदामाच्या आकाराचा छाप असायचा. अडगावच्या लढाईत पाच वर्षांनंतरचा सिंह कुठून येणार? एक तास वाचलं असतं तर १८,४५० वाचले असते.

रघूजींची तलवार खरी मानली गेली ती तिच्या पात्यावरच्या देवनागरी अक्षरांमुळे, घडणीमुळे, लिलावाच्या कागदांमुळे. कोणीतरी ती हातात घेऊन तपासली होती. माझ्याकडे एक फोटो होता आणि एक आवाज.

या सगळ्यात एक गोष्ट अशी झाली, जी मी ठरवली नव्हती. तक्रारीनंतर बाबांनी मोठ्या बाबांना फोन केला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. बोलायला निमित्त माझ्या मूर्खपणाचं. मला आतल्या खोलीतून फक्त बाबांचा आवाज येत होता. "हाव... पोट्ट्याले फसवलं... नायी, बंदुकीपायीच..." मग बराच वेळ शांतता. मग बाबा हसले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोठे बाबा अकोल्याला आले. धोतराच्या फडक्यात गुंडाळून काहीतरी आणलं होतं. आबाजींचा परवाना. छोटं पुस्तक, कडा वाळवीने खाल्लेल्या, आत आबाजींचा टोपी घातलेला फोटो, बंदुकीचा नंबर, आणि दर नूतनीकरणाचा शिक्का. मोठे बाबा म्हणाले, "बंदूक त नायी भेटत आता. हे ठेव तू."

"तुमच्यापाशीच राहू द्या, दादा," बाबा म्हणाले.

दोघंही ते पुस्तक एकमेकांकडे सरकवत होते. शेवटी आईने ते उचललं आणि देवघरात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाटावर विळा, कुऱ्हाड आणि शेजारी ते पुस्तक होतं. बाबांनी त्याला कुंकू लावलं नाही, कागद खराब होईल म्हणून. आपट्याचं एक पान फक्त वर ठेवलं. मी फोन काढला आणि मोठ्या बाबांना म्हणालो, आबाजी बार कसा भरायचे ते सांगा ना, रेकॉर्ड करतो. ते सांगायला लागले आणि दारू किती टाकायची यावर बाबांनी त्यांना मधेच अडवलं. पुढची वीस मिनिटं दोघं त्यावरच वाद घालत होते. ती फाइल मी तीन ठिकाणी जपून ठेवली आहे.