झिंगा कुठपर्यंत येतो

आमच्या बिरादरीत मासे खाणारे पुष्कळ आहेत, गळ टाकून बसणारेही काही आहेत. पण दुसऱ्याला रोजी देऊन, त्याने दाखवलेल्या जागी मासे धरायला जाणारा माणूस मी चंद्रपूर जिल्ह्यात पाहिला नव्हता. तो माझ्याच घरात निघाला. माझा भाचा अमेरिकेत सिएटलजवळ राहतो. तिथे त्याला स्टीलहेड नावाच्या माशाचे वेड लागले आहे. ऐन हिवाळ्यात, बर्फाचे पाणी वाहत असताना, तो ऑलिम्पिक पर्वतातून उतरणाऱ्या नद्यांवर जातो. बरोबर वाटाड्या असतो. नाव वाटाड्याची, नदीचे ज्ञान वाटाड्याचे, दिवसाचे शेकडो डॉलर मात्र भाच्याचे. मासा लागला तर त्याचा फोटो काढून तो पाण्यात परत सोडायचा.

ही गोष्ट त्याने फोनवर सांगितली तेव्हा माझी बहीण म्हणाली, "इतने पैसे में तो पूरा बाजार आ जाता." तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण भाच्याने त्या माशाची हकीकत सांगितली आणि मी कान टवकारले. स्टीलहेड हा रेनबो ट्राउटचाच प्रकार. नदीत जन्मतो, लहानपणीच समुद्रात जातो, तिथे वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढून वर येतो. वाटेत भिंत आली की संपले.

हे ऐकून मला आमच्या वैनगंगेतला झिंगा आठवला. भाचा डिसेंबरात सुट्टीवर आला आणि "मामू, आपल्याकडे असा वाटाड्या मिळेल का?" असे विचारू लागला, तेव्हा मी त्याला सावली तालुक्यात घेऊन गेलो. माझी बरीच नोकरी त्या भागातल्या शाळांत झाली. नदीकाठच्या एका गावातल्या ढिवर मामांचा मुलगा माझा विद्यार्थी होता. मामांना सगळा गाव डोंगेवाले मामा म्हणतो. वय पासष्टच्या पुढे. दिवसाची रोजी ठरली. वाटाड्या म्हणून रोजी घेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, पण घासाघीस त्यांनी सराइतासारखी केली.

वैनगंगा इथे दोन जिल्ह्यांची हद्द आहे. १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला आणि अलीकडचा काठ चंद्रपूरचा, पलीकडचा गडचिरोलीचा झाला. ढिवरांना या वाटणीशी काही देणेघेणे नाही. डोंगा ज्या काठाला लागेल तो त्यांचा काठ. आम्ही उजाडल्यावरच घाटावर उतरलो, कारण वाघाच्या भीतीने आता कोणी अंधारात नदीवर जात नाही. मी फजर पढून निघालो होतो. पाण्यावर धुके होते. रेतीवर चक्रवाकांची जोडी बसली होती. हे पक्षीही हिवाळ्याचे पाहुणे, हिमालयापलीकडून येणारे. काठावर रेतीच्या ट्रॅक्टरांच्या चाकांचे खोल ठसे होते. मामा त्यांच्यावरून चालले, पण त्यांच्याविषयी काही बोलले नाहीत.

हिवाळ्याची मासेमारी पावसाळ्याहून वेगळी असते, हे मामांनी चार वाक्यांत सांगितले. पाणी उतरले की मासा पात्रात पसरत नाही, डोहात बसतो. थंडीत तो सुस्त असतो. पोटात फार जात नाही, म्हणून गळ त्याच्या तोंडासमोरच न्यावा लागतो. ऊन डोहावर पडून तास-दीड तास झाल्याशिवाय काही हालचाल नाही. भाचा हसून म्हणाला, "हो नदीवरचा वाटाड्या अगदी हेच सांगतो." (तिथल्या एका नदीचे नावच हो आहे. मामांना ते फार आवडले. "म्हंजे नाही म्हनतच नाही ती नदी," ते म्हणाले.)

भाच्याने आपली कांडी, गरगर फिरणारी चरखी आणि चकाकणारा धातूचा मासा काढला. मामांनी तो हातात घेऊन पाहिला, पोटाला लटकणाऱ्या तीन काट्यांवर बोट फिरवले आणि परत दिला. मग डब्यातून गांडूळ काढून त्याच्यापुढे धरले. डोंगा बांबूने ढकलत ते एका खडकाच्या सावलीला आले, बांबू उभा खाली सोडला, तो पूर्ण बुडाला. "इथं," एवढेच म्हणाले.

दहा वाजून गेल्यावर दोरी ताणली. शिंगाडा होता, लांब मिशांचा, रुपेरी पोटाचा, चांगला दोन-अडीच किलोचा. भाच्याने हात ओले केले, मासा पाण्यातच धरून गळ काढला, माझ्याकडून फोटो काढवून घेतला आणि सोडून दिला. मासा क्षणभर तिथेच थांबला, मग खाली गेला.

मामा त्या जागेकडे बघत राहिले. "परत सोडाचा होता तं धरलास काहाले, बाबू?"

भाच्याने समजावून सांगितले. तिकडे जंगली स्टीलहेड फार थोडे उरले आहेत. सरकारी उबवण केंद्रात वाढवलेल्या माशांच्या पाठीवरचा एक छोटा पर पिल्लू असतानाच कापतात. तो पर नसलेला मासा घरी नेता येतो, पर असलेला सोडावाच लागतो. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ठीक आहे. पन रोजी वेगळी, मासोरी वेगळी." म्हणजे सोडलेल्या शिंगाड्याचे बाजारभावाने पैसे द्यायचे. भाचा चकित झाला. मला मात्र यात काही वावगे दिसले नाही. डोह त्यांच्या बापजाद्यांनी शोधलेला, जागा त्यांनी दाखवलेली, मासा आमच्या हौसेपायी गेला. दया आम्ही करायची आणि तिचा खर्च त्यांनी सोसायचा, हा कुठला न्याय?

निव्वळ खेळासाठी जीव घेणे आपल्याकडे नापसंत आहे. मग निव्वळ खेळासाठी जीवाला काटा टोचणे कसे, असे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामू, तिथे मासे धरणाऱ्यांनीच नद्यांसाठी सगळ्यात जास्त भांडणे केली आहेत." दोघांचेही खरे असावे. दुपारी एक मरळ लागली, ती मात्र आम्ही सोडली नाही. मासळीला जबह करावे लागत नाही, त्यामुळे आमच्या आणि मामांच्या चुलीत निदान मासळीच्या बाबतीत कधी अंतर पडले नाही. मामांच्या सुनेने जवसाची चटणी, भात आणि मरळीचा रस्सा वाढला. तिघेही एका पंगतीत जेवलो.

जेवणानंतर मी झिंग्याचा विषय काढला.

शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. गोदावरीच्या खोऱ्यात एक मोठा, लांब नांग्यांचा झिंगा आहे. इंग्रजीत त्याला गोदावरी नदीचा झिंगा असेच म्हणतात. त्याची पिल्ले गोड्या पाण्यात जगत नाहीत. त्यांना मुखाजवळचे मचूळ पाणी लागते. तिथे थोडी मोठी झाली की ती प्रवाहाविरुद्ध चढू लागतात, ओल्या दगडाला धरून सरपटतसुद्धा. बंगालच्या उपसागरापासून राजमहेंद्री, भद्राचलम, सिरोंचा, मग प्राणहिता आणि चपराळ्याच्या संगमावरून वैनगंगा. म्हणजे आपला स्टीलहेडच म्हणा, फक्त जन्म आणि वाढ यांची ठिकाणे उलटी. आमच्या लहानपणी सावली-गडचिरोलीच्या बाजारात टोपल्या भरून येत.

आमच्या घरात त्यावरून वेगळीच गंमत होती. हनफी मसलकात पाण्यातला मासाच तेवढा खातात आणि झिंगा हा मासा की कीडा यावर उलेमांत मतभेद आहेत. अब्बा आवडीने खात. दादी त्या दिवशी त्या भांड्यांना हात लावत नसे. कोकणातल्या आपल्या शाफई भावांना हा प्रश्नच पडत नाही. आता आमच्याकडेही पडत नाही, कारण नदीचा झिंगाच बाजारात दिसत नाही.

मामांनी माळ्यावरून बारीक विणीचे एक जाळे काढून दाखवले. धूळ झटकली. "सून आली तवापासून हा उतरला नाही," ते म्हणाले. सुनेला लग्न होऊन सहा वर्षे झाली होती.

वाटेतल्या भिंती मोजायच्या तर पहिली जुनी. धवळेश्वरमचा आर्थर कॉटनचा बांध १८५२ साली पूर्ण झाला. तो बुटका होता, पुरात पाणी वरून जाई आणि झिंगा तरीही वर येत राहिला. अलीकडच्या भिंती तशा नाहीत. सिरोंचा तालुक्याच्या पोचमपल्लीसमोर तेलंगणाचा मेडीगड्डा बंधारा २०१९ साली सुरू झाला, ८५ दारांचा. प्राणहितेत यायचे तर त्याच्यातूनच यावे लागते. मग मार्कंड्याच्या खाली चिचडोहचा बंधारा. आणि वर पवनीजवळ गोसेखुर्द, ज्याची पायाभरणी राजीव गांधींनी १९८८ साली केली. त्याच्या वरच्या अंगाला, भंडाऱ्याकडे, ढिवर लोक झिंग्याची गोष्ट आता भूतकाळातच सांगतात.

भाच्याने फोनवर एक चित्रफीत लावली. त्याच्या घरापासून काही तासांवर एल्वा नावाची नदी आहे. तिच्यावर दोन धरणे होती, पहिले १९१३ चे, दुसरे १९२७ चे. माशांना चढायला पायऱ्यासुद्धा ठेवल्या नव्हत्या. काठावरची क्लॅलम नावाची आदिवासी जमात पिढ्यान्‌पिढ्या तक्रार करत राहिली. शेवटी २०११ ते २०१४ या काळात सरकारने दोन्ही धरणे पाडली आणि स्टीलहेड पुन्हा वर जाऊ लागले. यंत्र भिंत फोडते आहे, साठलेला गाळ वाहतो आहे, हे मामांनी दोनदा लावून पाहिले. घरातली पोरेही जमली.

मला वाटले, मामा खूश होतील. त्यांनी विचारले, "त्या धरनाचा पानी कोनाच्या वावरात जात होता?"

"कोणाच्याच नाही," भाचा म्हणाला. "विजेसाठी होती. कागदाच्या गिरणीला वीज जायची."

"मंग सोपा आहे," मामा म्हणाले. "आमच्या धानाले गोसेखुर्दचा पानी येते. आसोलामेंढ्याच्या नहरातून. दीड एकर आहे, पहिले पावसावर होता. आता मी काय म्हनू?"

भाच्याकडे याचे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नाही. धरणावर बोलणारे दोन प्रकारचे लोक मी सभांतून ऐकले आहेत, एक नदीच्या बाजूचे, एक कालव्याच्या. एकाच माणसाचे जाळे माळ्यावर आणि धान कालव्यावर असू शकते, हे दोघांच्याही भाषणात येत नाही. मामांनी भिंत पाडा असेही म्हटले नाही आणि राहू द्या असेही नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, "दार तं उघडता येते ना? पान्याच्या दिवसात, पंधरा दिवस?"

मी त्यांना मेडीगड्ड्याची बातमी सांगितली. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले आणि साठवलेले पाणी सोडून द्यावे लागले. ही बातमी त्यांना अर्धीच ठाऊक होती. ती पूर्ण ऐकल्यावर ते सरसावून बसले. खालचे दार उघडे असेल तर झिंगा सिरोंच्यापर्यंत तरी आला असेल, हा त्यांचा हिशेब. सिरोंच्याला तुमचे कोणी आहे का, म्हणून विचारले. माझी मावसबहीण तिथे राहते. "तिले विचाराल, मास्तर. नांगी निळी आहे का ते बी विचाराल."

संध्याकाळी पैसे दिले, रोजीचे आणि शिंगाड्याचे वेगळे. जाळे पुन्हा माळ्यावर गेले नव्हते. ओसरीत खुंटीला टांगलेले होते.

पावसाळा सरल्यावर मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "झिंगे आले आहेत ना भाईजान, बाजारात चांगले मोठे मिळतात. पण ते नदीचे नाहीत. आंध्रातल्या तलावांतले, बर्फात घालून गाडीने येतात." मामांना अजून कळवलेले नाही. दिवाळीनंतर सावलीला जायचे आहे, तेव्हा समोर बसून सांगेन.