आजीच्या वहीत अपात्र कोणी नव्हतं

माझी आजी १९२८ साली जन्मली आणि २०२४च्या पावसाळ्यात गेली. पाच मुलं, तेरा नातवंडं, नऊ पतवंडं. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "आयुष्याचं सोनं झालं." मागे राहिलं ते थोडंच: मणी झिजलेली जपमाळ, एक पत्र्याची पेटी आणि दोनशे पानी वही. या वहीवरून आमच्या घरात भांडण झालं, म्हणून हे लिहिते आहे.

आजी मूळची नगर जिल्ह्यातली, कॅथलिक घरातली. त्या भागात जेझुइट फादरांचं जुनं काम. 'निरोप्या' हे मराठी कॅथलिक मासिकही फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली तिकडच्याच केंदळ गावातून सुरू केलं. शाळा दुसरीतच सुटलेली आजी पुढचं वाचन 'निरोप्या'च्या जुन्या अंकांवर शिकली. १९४८ साली लग्न होऊन ती पांढरकवड्याला आली. आजोबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. पांढरकवडा म्हणजे केळापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण. नागपूरहून हैदराबादला जाताना लागतं. आजी म्हणायची, "मी घर बदललं नाही, सरकारच बदलत गेलं." खरंच होतं ते. आली तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता, मग मध्य प्रदेश झाला, १९५६ला मुंबई राज्य आणि १९६०ला महाराष्ट्र. तिची भाषाही बदलली. 'मला'चं 'मले' झालं, 'का गं'चं 'काऊन वं' झालं. प्रार्थना मात्र नगरच्याच मराठीत राहिली.

इथे कॅथलिक घरं बोटांवर मोजण्याइतकी. अमरावतीचा धर्मप्रांत नागपूरपासून वेगळा झाला तोच १९५५ साली. फादर यायचे तेव्हा यायचे, आणि १९६०च्या दशकात द्वितीय व्हॅटिकन परिषद होईपर्यंत मिस्सा लॅटिनमध्येच. म्हणजे धर्म टिकवायचा तर घरातच टिकवावा लागणार होता. आजीनं तो स्वयंपाकघरात टिकवला. संध्याकाळी भाकरी झाल्या की चुलीजवळ रोझरी. आम्ही पोट्टे पेंगायचो, ती गुडघ्याला चिमटा काढायची. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला पायी निघालेल्या बाया आमच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबायच्या. त्यांच्यासाठी माठ भरून ठेवणं हेही तिच्या दिवसाच्या कामात धरलेलं असायचं.

आता वही. २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक आपल्या सगळ्या मृतांसाठी प्रार्थना करतात. आजी त्या दिवशी वही उघडून एकेक नाव मोठ्यानं वाचायची. पहिलं नाव आमच्या नात्यातलं नाही. आजी सात-आठ वर्षांची असताना तिच्या गावातल्या एका ख्रिस्ती बाईनं जीव दिला होता. तिला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं. घंटा नाही, प्रार्थना नाही. तेव्हा चर्चचा कायदाच तसा होता. १९१७च्या संहितेत जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३च्या नव्या संहितेतून ते कलम गेलं, आणि १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथानं तर अशा माणसांसाठी चर्च प्रार्थना करतं असं स्पष्ट लिहिलं. आजीनं यातलं काही वाचलेलं नव्हतं. तिनं ते नाव १९४८ सालीच पहिल्या ओळीत लिहिलं होतं. दुसरं नाव अकरा महिन्यांच्या तिच्या लेकाचं. त्यानंतर सासू, सासरे, १९७१ साली आजोबा.

तोवर ती एका घराची वही होती. नव्वदचं दशक सरताना ती गावाची झाली. आमचा भाग कपाशीचा, कोरडवाहू. पाऊस हुकला, भाव पडला, कर्ज फिटलं नाही आणि कास्तकार जीव द्यायला लागले. त्यांच्यात आमच्या गल्लीतलेही होते. आजी त्या घरी बसायला जायची, भाकरीची टोपली न्यायची आणि तेरवी झाली की हळूच विचारायची, "माय, आमच्या प्रार्थनेत याचं नाव घेतलं तर चालंल का?" कोणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

२००६ साली केंद्राचं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं. विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत यवतमाळ होतं. राज्य सरकारची आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत असते, पण त्याआधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. कर्ज कोणाचं, परवाना असलेल्या सावकाराचं की नसलेल्याचं, शेत कोणाच्या नावावर, हे सगळं कागदावर दिसावं लागतं. आमच्या शेजारच्या काकांचं शेत मक्त्याचं होतं आणि उसनवारी तोंडी. काकू वर्षभर कागद घेऊन फिरल्या, शेवटी 'अपात्र' असं उत्तर आलं. आजीला हा शब्द फार लागला. "मेलेल्या माणसाले अपात्र कसं म्हणतात वं?" एवढंच ती म्हणाली आणि त्या नोव्हेंबरात काकांचं नाव तिनं दोनदा वाचलं.

२०१७ साली कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर मेले. त्यातल्या दोघांची नावंही तिनं पेपरातून उतरवली. ना ओळख, ना जात, ना धर्म. ८९व्या वर्षी, थरथरत्या हातानं.

ती गेल्यावर मोठेबाबांनी वही मोजली. २१४ नावं. ते म्हणाले, "आपली चाळीसेक आहेत, तेवढी नव्या वहीत उतरवू. बाकीच्यांचं त्यांचे लोक बघतील." काकानं मान डोलावली. आत्या चिडली. फॅमिली ग्रुपवर तीन दिवस लांबलचक व्हॉइस मेसेज येत राहिले. मी पुण्यात नोकरी करते, चर्चमध्ये वर्षातून एकदा जाते, तेही नाताळच्या केकसाठी. मरणानंतर प्रार्थना कुठे पोहोचते की नाही, याबद्दल माझं काहीच ठाम मत नाही. पण चाळीस नावांची वही ही आजीची वही नव्हे, एवढं मला कळत होतं. 'आपली' आणि 'बाकीची' असा रकाना तिनं कधी आखलाच नव्हता. चर्चनं ज्याला बाहेर ठेवलं, सरकारी कागदानं ज्याला बाहेर ठेवलं, त्याला आत घेणं हेच तिचं ९६ वर्षांचं काम होतं. भाकरी आणि रोझरी ही त्या कामाची हत्यारं. मी ग्रुपवर लिहिलं, "मी येते. सगळी नावं मी वाचते."

२ नोव्हेंबर २०२४ला दिवाळीचा पाडवा होता. बाहेर फटाके, त्यामुळे मला ओरडूनच वाचावं लागलं. पहिल्या ओळीतली बाई, मग अकरा महिन्यांचं बाळ. काही नावांवर शाई फुटली होती, तिथे आत्या मदतीला आली. मोठेबाबा सुरुवातीला तोंड फिरवून बसले होते. साठाव्या-सत्तराव्या नावापासून तेही माझ्यामागून पुटपुटायला लागले. मध्येच शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. आम्ही काय करतोय ते त्यांना सांगावं लागलं नाही. ताट ठेवून, डोक्यावर पदर घेऊन त्या भिंतीशी बसल्या आणि काकांचं नाव येईपर्यंत थांबल्या. नाव आलं. त्यांनी हात जोडले. "आजी दोनदा घ्यायच्या," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा घेतलं.